एरी कालव्याकाठी शिक्षकांची उन्हाळी शाळा

नीराकाठची

मी न्यू जर्सीतल्या एका शाळेत सातवी-आठवीला इतिहास शिकवते. माहेर बारामती तालुक्यातलं. नीरेचा डावा कालवा आमच्या रानापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी कालवा म्हणजे पाण्याची ठरलेली पाळी, ते सोडणारा पाटकरी, आणि रात्री कंदील घेऊन रानाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेले आजोबा. त्यामुळे इथल्या पाठ्यपुस्तकातलं 'कालव्यांचं युग' हे प्रकरण पहिल्यांदा शिकवायला घेतलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपोआप ऊस उभा राहिला. इथले ते कालवे नावा चालवायला, माल वाहायला खणलेले. हे वाचून माहीत होतं, पण त्याचा अर्थ गेल्या उन्हाळ्यात त्या काठावर आठवडाभर काढल्यावर उमगला.

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळाशिक्षकांसाठी इतिहासाच्या कार्यशाळा होतात. १९६५ साली स्थापन झालेली 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' ही सरकारी संस्था त्यासाठी विद्यापीठांना आणि संग्रहालयांना अनुदान देत आली आहे. एखादं ऐतिहासिक ठिकाण निवडायचं, देशभरातून शिक्षक बोलवायचे आणि आठवडाभर तिथेच शिकवायचं, अशी पद्धत. अर्जात 'तुम्हाला का यायचं आहे' यावर निबंध लिहावा लागतो. मी नीरेबद्दल लिहिलं.

एरी कालव्याची मोजमापं आधी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हडसन नदीवरचं ऑल्बनी ते एरी सरोवराकाठचं बफेलो, ३६३ मैल. वर ४० फूट रुंद, तळाशी २८ फूट, पाणी फक्त ४ फूट खोल. ८३ लॉक (नाव वर-खाली करायच्या, दारं असलेल्या पेट्या), १८ जलसेतू (नदी-ओढ्यावरून कालवा नेणारे पूल). ४ जुलै १८१७ ला रोम नावाच्या गावी पहिली कुदळ पडली आणि १८२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण कालवा सुरू झाला. खर्च साधारण ७० लाख डॉलर, आणि तो सगळा न्यूयॉर्क राज्याने उभा केला. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी मार्च १८१७ मध्ये रस्ते-कालव्यांना केंद्राचा पैसा देणारं विधेयक नाकारलं होतं. गव्हर्नर डिविट क्लिंटन यांनी हट्ट धरला म्हणून लोक याला 'क्लिंटनचा चर' म्हणून हिणवत.

पहिल्या दिवशी सकाळी आम्हाला एका मैदानात नेलं. हातात ४० फुटी दोरी. दोघांनी दोन टोकं धरायची. मग तळासाठी २८ फुटी दोरी, खोलीसाठी ४ फुटी काठी. आम्ही ३५ शिक्षक त्या आखलेल्या 'कालव्यात' उभे राहिलो. पाणी माझ्या छातीपर्यंतही आलं नसतं! एवढ्या उथळ पाण्यानं बफेलोहून न्यूयॉर्कला टनामागे शंभरेक डॉलर पडणारं भाडं दहाच्या खाली आणलं, आणि तीन आठवड्यांची वाट सुमारे आठवड्यावर आली. तोवर हे आकडे मी फळ्यावर लिहून पुढे जात असे. आता सातवीच्या मुलांनाही आधी दोरीच देते.

दुसऱ्या दिवशी फोर्ट हंटर. तिथे १८१७-२५ चा मूळ चर अजून दिसतो, आणि जवळच स्कोहॅरी ओढ्यावर १८४० च्या सुमारास बांधलेल्या जलसेतूच्या उरलेल्या दगडी कमानी. नदीच्या वरून नाव! तिसऱ्या दिवशी सिराक्यूज. तिथल्या संग्रहालयाची इमारत म्हणजे १८५० ची नावा तोलायची जागा. नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडून द्यायचं, की नाव अलगद तराजूच्या पाळण्यावर बसते. रिकाम्या नावेचं वजन वजा केलं की मालाचं वजन, आणि त्यावर टोल. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बैलगाडी चढवणारे आमचे आजोबा हे बघून लगेच समजले असते.

पण मनात घर करून राहिली ती कॅननडाइग्वा गावाची दुपार. १८०७ साली जेसी हॉली नावाचा पिठाचा व्यापारी तिथे कर्जापायी तुरुंगात होता. खराब रस्त्यांमुळे माल वेळेवर पोहोचेना, धंदा बुडाला. तुरुंगात बसून त्याने 'हर्क्युलीस' या टोपणनावाने चौदा लेख लिहिले: एरी सरोवरापासून हडसनपर्यंत कालवा काढा, मार्ग असा असा. आमच्या गटाला त्यातला एक वाचायला दिला. मग ज्या शिक्षिका सत्र घेत होत्या (त्या स्वतः ओननडागा, म्हणजे हॉडेनोशोनी या इथल्या मूळ रहिवासी जमातींच्या संघातल्या) त्यांनी दुसरा कागद पुढे ठेवला. त्याच गावात, तेरा वर्षं आधी, १७९४ साली झालेला तह. त्यात अमेरिकेनं हॉडेनोशोनींच्या जमिनी त्यांच्या आहेत असं मान्य केलं होतं. त्या तहाप्रमाणे अमेरिकेचं सरकार आजही दर वर्षी त्यांना कापड देतं. आणि तरीही कालवा ज्या जमिनीवरून गेला, ती तोवर बहुतेक त्यांच्या हातून गेली होती. राज्यानं दबावाखाली करार करून करून घेतली होती. कालव्यानं वस्ती आणखी पश्चिमेला सरकली आणि १८३८ च्या बफेलो क्रीकच्या तहानं उरलेल्यांनाही हलवायचा घाट घातला.

बाईंनी एकच प्रश्न विचारला: "हे दोन कागद तुमच्या वर्गात एकाच दिवशी का येत नाहीत?" कोणालाच उत्तर देता आलं नाही. मी अकरा वर्षं ते प्रकरण शिकवत होते. एकाच गावचे कागद होते ते.

इथे आणखी कोणी अशा कार्यशाळांना गेलं आहे का? आणि तिकडच्या शिक्षकांना विचारायचं आहे, आपल्या कालव्यांवर असं काही करता येईल का?

सिराक्यूजकर

उत्तम लिहिलंय ताई. मी इथे बावीस वर्षं आहे. आमच्या शहराच्या मधून जो मोठा रस्ता जातो, तो म्हणजे बुजवलेला कालवाच, हे मला दहा वर्षांनी कळलं!

एक भर घालतो. सिराक्यूजचं मीठ आणि कालवा यांचं नातं वर्गात जरूर सांगा. इथल्या खाऱ्या झऱ्यांच्या मिठावर राज्यानं बुशेलमागे साडेबारा सेंट कर लावला आणि तो पैसा कालव्याच्या कर्जासाठी वापरला. पुढे तेच मीठ कालव्यानं स्वस्तात देशभर गेलं. आपल्याकडे मिठाच्या कराचा विषय निघाला की मुलांना दांडी आठवते. इथे त्या करातून कालवा उभा राहिला. मुलांना दोन्ही सांगितलं तर चर्चा रंगेल.

पाटबंधारेवाला

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चाळीस वर्षं कालवे पाहिले, पण लॉक एकही चालवलं नाही, कारण आपल्या कालव्यांना ते लागत नाहीत. आपला कालवा उताराने वाहतो, वाहावाच लागतो. नावांचा कालवा जवळपास थांबलेला हवा. मग चढ आला की पायऱ्या कराव्या लागतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी पेटी. नाव आत आली की खालचं दार बंद, वरून पाणी सोडायचं, पेटी भरली की नाव आपोआप वर. दाराच्या दोन फळ्या वरच्या अंगाला टोक करून मिळतात, त्यामुळे पाण्याचा दाब जितका जास्त तितकं दार घट्ट.

मुलांसाठी गणित: मूळ लॉक ९० फूट लांब, १५ फूट रुंद, चढ सरासरी ८ फूट धरा. १०,८०० घनफूट. म्हणजे एकदा पेटी भरायला सुमारे तीन लाख लिटर! दिवसभर नावा गेल्या तर किती, ते मुलांनाच काढू दे. आणि मग विचारा, हे पाणी येत कुठून होतं? डोंगरातले ओढे, तळी वळवून. खरा कस इथेच लागतो.

नीराकाठची

काका, हे गणित सोमवारीच वर्गात घेते. तुम्ही एरीवरच्या लॉकपोर्ट गावी गेलात तर हलायचं नाव घेणार नाही. नायगाराचा कडा आडवा येतो तिथे साठेक फूट चढ एका जागी चढायचा होता. नेथन रॉबर्ट्स यांनी तिथे पाच लॉक एकाला एक जोडून बसवले, आणि तेही जोडीनं, चढणारी नाव एकीकडे, उतरणारी दुसरीकडे. त्यातली एक रांग अजून आहे, शेजारी नव्या काळचे दोन मोठे लॉक. आणि हे रॉबर्ट्स मुळात शाळेत गणित शिकवायचे. आमच्या बसमध्ये हे सांगितलं गेलं तेव्हा पस्तीस शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं.

बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे मुख्य अभियंतेही असेच जमीन मोजणारे, न्यायाधीशाचं काम केलेले लोक. देशात अभियांत्रिकीचं शिक्षण जवळपास नव्हतंच. शिकत शिकत बांधलं. कॅनव्हास व्हाइट इंग्लंडला जाऊन शेकडो मैल कालव्यांच्या काठानं चालत फिरले, परत आले आणि शिटेनँगोजवळ पाण्यात घट्ट होणारा चुना देणारा दगड त्यांना मिळाला. तो मिळाला नसता तर लॉकचे दगड सांधायला बाहेरून चुना आणावा लागला असता.

पाटबंधारेवाला

हे वाचून रुडकी आठवलं. गंगेच्या कालव्यासाठी माणसं तयार करायला १८४७ मध्ये तिथे अभियांत्रिकीचं कॉलेज निघालं, आणि १८५४ मध्ये अभियंता कॉटली यांचा तो कालवा सुरू झाला. त्या कालव्यावर नावाही चालत, आणि सोलाणी नदीवरून तो जलसेतूनेच जातो. तुमच्या कार्यशाळेत कोणी भारताचं उदाहरण दिलं का?

नीराकाठची

नाही दिलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक पाठ तयार करून मांडायचा होता, त्यात मीच नीरेचा घेतला. पुढे सांगते.

तिसरी_घंटा

लेख आवडला, पण एक प्रश्न. आयरिश मजुरांचा उल्लेखच नाही? आमच्या मुलीच्या पुस्तकात होतं की एरी कालवा आयरिश लोकांनी खणला आणि माँटेझुमाच्या दलदलीत एक हजार जण मेले. माणसांच्या हाडांवर उभा राहिलेला कालवा आणि आपण दोऱ्या मोजतोय, असं वाटलं.

नीराकाठची

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. हाच विषय आमच्याकडे एक अख्खी दुपार चालला. समजलं ते असं. सुरुवातीच्या वर्षांत खणणारे बरेचसे आजूबाजूचे शेतकरी आणि त्यांचे गडी होते. राज्यानं काम लहान लहान तुकड्यांत ठेक्यानं दिलं, आपल्या गावापुढचा तुकडा गावातल्याच माणसानं घ्यायचा, असं. आयरिश मजूर पुढे वाढले. लॉकपोर्टला कडा सुरुंगानं फोडताना तर बरेच होते. माँटेझुमाला १८१९ च्या उन्हाळ्यात हिवतापानं साधारण हजार मजूर आजारी पडले. आजारी. सांगता सांगता त्या हजारांचे 'मृत' झाले. किती दगावले याची नीट नोंद कोणी ठेवली नाही, आणि माझ्या मते तीच खरी लाज आहे. दर पिंपाचा टोल वहीत लिहिला, माणसांची मोजदाद केली नाही.

म्हणून मी आता वर्गात हजार मेले असं सांगत नाही. टोलची वही दाखवते आणि विचारते, 'या वहीत कोण नाही?'

तिसरी_घंटा

पटलं. मुलीलाही हे दाखवते.

टोपाथवरून

न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपासच्या मंडळींसाठी: एवढं उत्तरेला जायची गरज नाही. आपण शनिवारी सकाळी ज्या वाटेनं चालतो ती डेलावेअर-रॅरिटन कालव्याची टो-पाथ आहे, खेचरं नाव ओढत चालायची ती वाट. १८३४ साली हा कालवा सुरू झाला. बोर्डनटाउन ते न्यू ब्रन्सविक, ४४ मैल. ग्रिग्जटाउनला खेचरं हाकणाऱ्यांची राहायची इमारत अजून आहे. १९३२ ला नावा बंद झाल्या, १९७४ पासून राज्याचं उद्यान. गेली आठ वर्षं मी तिथे चालतो आणि मुलांना एकदाही सांगितलं नव्हतं की ही वाट इतकी सपाट का आहे.

नीराकाठची

अगदी! आणि खेचरं हाकणारी बरीचशी पोरंच असत. एरीवर त्यांना 'हॉगी' म्हणायचे. दहा-बारा वर्षांची मुलंही सहा तासांची पाळी चालायची, उन्हापावसात, रात्रीसुद्धा. माझे विद्यार्थी बारा वर्षांचे आहेत. त्यांना ग्रिग्जटाउनला नेऊन एक मैल न बोलता चालायला लावलं. परत आल्यावर लिहायला सांगितलं. एका मुलानं लिहिलं, 'मला खेचराचं नाव माहीत असतं, पण मुलाचं कोणी लिहून ठेवलं नाही.' तो कागद मी जपून ठेवलाय.

खडू_आणि_फळा

ताई, अशा कार्यशाळा अजून होतात का? मी टेक्सासात शिकवते, अर्ज करायचाय.

नीराकाठची

जरूर करा, पण आधी नीट चौकशी करा. एप्रिल २०२५ मध्ये एन्डाउमेंटची बरीच अनुदानं अचानक रद्द झाली. तेव्हा त्या त्या वर्षी काय आहे ते पाहूनच सुट्टीचं ठरवा. गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूटही शिक्षकांसाठी उन्हाळी सत्रं घेते. आणि कालव्याकाठची लहान संग्रहालयं शिक्षकांना फार आपुलकीनं वागवतात. फोन करा, काय शिकवता ते सांगा. जुने कागद वर्गासाठी छापून देतात.

निबंधात मोठमोठं लिहू नका. तुमच्या वर्गातला एक अडलेला धडा लिहा.

सिराक्यूजकर

२०२५ च्या शरदात द्विशताब्दीची नाव इथून गेली तेव्हा आम्ही सहकुटुंब काठावर होतो. १८२५ मध्ये क्लिंटन ज्या 'सेनेका चीफ' नावेतून बफेलोहून निघून न्यूयॉर्कच्या बंदरात एरीचं पाणी ओतायला गेले, तिची प्रतिकृती बफेलोत हातांनी बांधली. या वेळी नाव थांबेल तिथे पांढऱ्या पाइनची रोपं लावत गेले. हॉडेनोशोनींचा तो शांततेचा वृक्ष. तुमच्या त्या बाईंच्या प्रश्नाला थोडंसं उत्तर द्यायचा प्रयत्न वाटला मला.

नीराकाठची

मला तिथे येता आलं नाही याची हळहळ आहे. मूळ नावेचं नावच हॉडेनोशोनींतल्या सेनेका लोकांवरून होतं, आणि त्यांच्याच जमिनी जात होत्या. रोप लावलं ते चांगलंच झालं. बाई मात्र म्हणतील, 'आता धडाही बदला.'

उजव्या_कालव्याचे_गुरुजी

नमस्कार ताई. मी फलटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर. तुम्ही डाव्या कालव्याच्या, आम्ही उजव्या. तुमचा धागा आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी वाचला.

आमची प्रशिक्षणं हॉलमध्ये होतात. पडद्यावर सरकती चित्रं, सह्या, चहा, घर. दोष कोणाला देत नाही, पण गेल्या सतरा वर्षांत एकाही प्रशिक्षणात कोणी मला म्हटलं नाही की चला, कालव्यावर जाऊन उभे राहू. कालवा शाळेच्या मागून जातो. चौथीची पोरं रोज पुलावरून येतात. तुमचा नीरेचा पाठ कसा होता ते सांगा, आम्हाला करायचाय.

नीराकाठची

गुरुजी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

पाठ असा होता. पहिला प्रश्न: हा कालवा कशासाठी? डाव्या कालव्याचं काम १८७६ च्या दुष्काळात, लोकांच्या हाताला काम म्हणून सुरू झालं आणि १८८५ च्या सुमारास पाणी आलं. एरीवर पीठ वाहून न्यायचं होतं, इथे पीक जगवायचं होतं. दुसरा प्रश्न: पैसा कोणाचा? एरीचे रोखे न्यूयॉर्कच्या बचत बँकेनंही घेतले, म्हणजे लहान ठेवीदारांचे पैसे त्यात होते, आणि टोलमधून ते कर्ज १८३० च्या दशकातच फिटलं. आपल्याकडे पैसा इंग्रज सरकारचा, वसुली पाणीपट्टीतून. तिसरा प्रश्न: कोणाचं नाव वहीत नाही? दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया, कालव्याखाली रान गेलेली माणसं.

माझ्यासोबतचे शिक्षक ओहायो, मिशिगनचे होते. 'पाळी' हा शब्द समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. पाणी घड्याळावर वाटून घेणं त्यांना नवीन होतं. तुमच्या पोरांना ते न सांगता माहीत आहे. तिथून सुरू करा. घरातली जुनी पाणीपट्टीची पावती आणायला सांगा, आजीला पहिलं आवर्तन (कालव्याला पाणी सुटायची फेरी) आठवतं का ते विचारायला सांगा. आमच्या कार्यशाळेतल्या कुठल्याही कागदापेक्षा ते मोलाचं आहे.

पाटबंधारेवाला

गुरुजी, एक काळजी घ्या. आवर्तन चालू असताना पोरांना काठावर न्यायचं नाही. अस्तर गुळगुळीत असतं, पाण्याला ओढ असते, पाय घसरला तर मोठ्यालाही वर येता येत नाही. शाखा अभियंत्याला लेखी कळवा, आवर्तन बंद झाल्यावर पाटकऱ्याला सोबत घ्या. तो दारं कशी उचलतात, विसर्ग कसा मोजतात ते दाखवील. पाटकरी फार बोलका माणूस असतो, त्याला कोणी विचारतच नाही.

उजव्या_कालव्याचे_गुरुजी

काका, आज शाखा कार्यालयात जाऊन अर्ज दिला. साहेब म्हणाले, मुलांना आणताय तर मीही थांबतो. आवर्तन पुढच्या आठवड्यात बंद होतंय. बारा पालक सोबत येणार आहेत. आमचे पाटकरी पुढच्या वर्षी निवृत्त होतात, त्यांनी तीस वर्षांच्या डायऱ्या जपल्यात, त्या घेऊन येतो म्हणाले.

पावत्या जमायला लागल्या. आजपर्यंत एकवीस. एका पोरीनं पणजोबांच्या नावाची आणलीय, अंगठ्याच्या ठशाशेजारी मोडी अक्षरं आहेत. वाचायला कोणी आहे का इथे?

सिराक्यूजकर

फोटो टाका गुरुजी. माझी आई मोडी वाचते, पुण्यात असते. आजच विचारतो.

उजव्या_कालव्याचे_गुरुजी

उद्या उजेडात काढून टाकतो. आणि ताई, बाजारातून दोरी आणली. चाळीस फुटांवर गाठ मारलीय, मुलांना एरी केवढा होता तेही दाखवतो.